घराघरांतील पुरावे जपा
(बौद्ध कुटुंबांच्या सभेत केलेले भाषण)



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली व आपल्या लाखो अनुयायांना दिली. तेव्हापासून आजतागायत जे जे कुटुंब बौद्ध होते, ते ते प्रथम आपले घर आवरते. देव्हाऱ्यातले देव विसर्जित होतात, गंडे-ताईत व अंगारे-धुपारे घराबाहेर जातात, आणि भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा येते. हे योग्यच आहे. परंतु या आवराआवरीत एक मोलाची वस्तू पुष्कळ घरांतून नकळत बाहेर गेली, आणि काही घरांतून आजही जाऊ पाहत आहे. माळ्यावरच्या लोखंडी पेटीत आजोबा-पणजोबांची लष्करी पोषाखातली तसबीर असते. फीत विरलेले एखादे पदक, टोपीवरचा बिल्ला, पलटणीतून सुटल्याचा दाखला, लढाईवरून आलेले पत्र, मनिऑर्डरीचे कुपन असते. नवी पिढी पेटी उघडते आणि विचारते, “हे सारे जुन्या जगातले; आता त्याचे काय काम?” या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी आपल्यापुढे उभा आहे.

माझे सांगणे थोडक्यात असे आहे : देव सोडले ते ठीक झाले, परंतु पुरावे सोडू नका.

ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या लेखणी होती, त्यांच्या बखरी झाल्या, वंशावळी झाल्या, वाड्यांच्या भिंतींवर तैलचित्रे लागली. आपल्या पूर्वजांना शिक्षणाची बंदी होती. त्यांचा इतिहास त्यांच्या हातून लिहिला गेला नाही, आणि दुसऱ्याने लिहिला तेव्हा त्यात त्यांची नावे आली नाहीत. अशा समाजाचा इतिहास कोठे असतो? तो एखाद्या दगडावर असतो, सरकारी कागदाच्या एका रकान्यात असतो, आणि आपल्या घरच्या पेटीत असतो. दगड सरकार सांभाळील, कागद दप्तरखाना सांभाळील. पेटी मात्र आपणांवाचून कोणी सांभाळणार नाही.

पुराव्याचे सामर्थ्य काय असते हे आपल्या चळवळीच्या आरंभापासून दिसते. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगाव येथे लढाई झाली. तेथील स्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय आहे. तो प्रत्यय महार शिपायांचा. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. ‘ही लढवय्यी जात नव्हे’ असा शेरा मारण्यात आला. त्याला उत्तर कोणी दिले? सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीस राहिलेले गोपाळबाबा वलंगकर यांनी. १८९४ साली त्यांनी भरती पुन्हा सुरू करावी असा अर्ज तयार केला व त्यात आपल्या लोकांच्या लष्करी सेवेचा हवाला दिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला, त्यातही सैन्यातील पूर्वसेवेचा दाखला होता. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. दगडावर नावे होती म्हणून ‘आमचे लोक तेथे होते’ हे सांगता आले. नावे नसती, तर तेच सांगणे बढाई ठरले असते.

आता विचार करा. स्तंभावर नाव कोरले गेले ते मोजक्यांचे. त्यानंतरचे हजारो शिपाई कोठे आहेत? पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभारण्यात आली आणि १९२१ साली ती मोडण्यात आली. पलटण चार वर्षांची. तिच्यातल्या शिपायाच्या घरी मात्र एक तसबीर राहिली, एक पदक राहिले. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीचे सभासद असताना, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. तिचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागर येथे आहे. या रेजिमेंटच्या आरंभीच्या बिल्ल्यावर विकर्स मशीनगनांबरोबर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला. तुमच्या पेटीतला बिल्ला हाती घ्या आणि त्यावर स्तंभ आहे की खंजीर, ते पाहा. एवढ्या एका खुणेवरून तो आरंभीचा की नंतरचा, हे उमगते. ज्याला आपण लोखंडाचा तुकडा समजतो, तो वाचता आला तर बोलू लागतो.

पदकाचेही तसेच आहे. पहिल्या महायुद्धानंतर दिलेले ब्रिटिश वॉर मेडल शिपायाला चांदीचे मिळे. मजूर पथकांतील पुष्कळ लोकांना तेच पदक काशाचे मिळाले. म्हणजे केवळ धातू पाहून तो माणूस बंदूक घेऊन उभा होता की ओझी वाहत होता, याचा अंदाज बांधता येतो. त्या पदकाच्या कडेवर बारीक रोमन अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ठोकलेली असते. शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलीला भिंग देऊन ती कडा वाचायला सांगा. ज्या आजोबांची जन्मतारीख कोणाला ठाऊक नाही, त्यांचा शिपाई क्रमांक तिला सापडेल. अडीअडचणीच्या दिवसांत चांदीची पदके सराफाकडे गेली, हेही आपण जाणतो. पोटासाठी ज्यांनी ती मोडली त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु आज पोटाची ती निकड नसताना कोणी भंगारवाल्याला किंवा जुन्या वस्तूंच्या दलालाला ती देऊ नये. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने खाजगी व्यक्तींना बंदी आहे, हेही दलालाशी बोलताना ध्यानात असू द्या.

काही शंका प्रामाणिकपणे विचारल्या जातात. त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिली शंका अशी की, या कागदांवर ‘जात महार, धर्म हिंदू’ असे लिहिलेले आहे. जे नाव आम्ही टाकून दिले ते घरात का ठेवावे? काही तरुणांनी दाखल्यावरचा तो शब्द शाईने खोडला, काहींनी कागदच फाडला. त्यांचा संताप मी समजू शकतो. परंतु त्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ज्या अन्यायाविरुद्ध आपण उठलो, त्या अन्यायाची नोंद खोडल्याने अन्याय नाहीसा होत नाही. त्याचा साक्षीदार मात्र नाहीसा होतो. दुसरी गोष्ट हक्काची. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातींचे घटनात्मक संरक्षण मिळाले. महाराष्ट्रात असा दाखला काढताना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. शाळेची कागदपत्रे नसलेल्या घरात आजोबांच्या लष्करी दाखल्यावर गाव, तालुका, जिल्हा व जात लिहिलेली असेल, तर तो कागद पूरक पुरावा म्हणून पुढे ठेवता येतो. ज्या कागदाची तुम्हांला लाज वाटते, तोच तुमच्या नातीच्या शिक्षणाची वाट मोकळी करण्यास साह्य करील. यास्तव त्यावरचे एक अक्षरही खोडू नका.

दुसरी शंका धम्माची आहे. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशी प्रतिज्ञा आपण केली. मग पूर्वजांच्या तसबिरी ठेवणे हे त्या प्रतिज्ञेत बसते काय? निश्चित बसते. तसबिरीपुढे पान मांडले, नैवेद्य ठेवला, मृताचा कोप होईल म्हणून नवस केला, तर ते प्रतिज्ञेविरुद्ध होय. परंतु हा मनुष्य कोण होता, तो कोठे लढला, घरी परतल्यावर गावाने त्याला विहिरीवर पाणी भरू दिले की नाही, हे मुलांना सांगण्यासाठी तसबीर ठेवणे ही कृतज्ञता आहे. कृतज्ञतेला भगवंतांनी मंगल म्हटले आहे.

तिसरी शंका अधिक खोल आहे. युद्ध म्हणजे हिंसा. शिवाय ती लढाई परक्या सरकारची. अहिंसेच्या मार्गावर आलेल्यांनी लढाईच्या खुणा का मिरवाव्यात? मी मिरवा असे म्हणत नाही, जपा असे म्हणतो. सम्राट अशोकाने कलिंगात केलेला संहार लपविला नाही. आपल्या तेराव्या शिलालेखात त्याने एक लाख माणसे मारली गेली व दीड लाख माणसे नेली गेली, असे स्वतः कोरविले आणि त्याबद्दलचा पश्चात्तापही कोरविला. तो लेख राहिला म्हणून त्याचे परिवर्तन जगाला कळले. आपले पूर्वज सैन्यात का गेले? कोणी भाकरीसाठी गेला, कोणी गावकीच्या जाचातून सुटण्यासाठी. सैन्यात मुलांना शाळा होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत शिक्षक होते, आणि बाबासाहेबांचा जन्मही महूच्या छावणीतला. त्या नोकरीत मान किती मिळाला आणि अपमान किती झाला, याचा न्याय पुढच्या अभ्यासकांनी करावा. परंतु न्याय करण्यासाठी कागद शिल्लक राहिला पाहिजे.

आता जतनाकडे वळू. आपल्या घरच्या वस्तूंचा नाश बहुधा शत्रू करीत नाही, आपली मायाच करते.

तसबीर आपण भिंतीवर लावतो. भिंतीला पावसाळ्यात ओल येते. फुलांचा ओला हार काचेवर दिवसचे दिवस लोंबतो. समोर मेणबत्ती व उदबत्ती जळते आणि काजळी चौकटीत शिरते. काच थेट छायाचित्राला टेकलेली असेल, तर दमट हवेत छायाचित्र काचेला चिकटते. चिकटलेले छायाचित्र ओढून काढू नका. वरचा थर काचेवरच राहील. काचेसह त्याची प्रत घ्या व मूळ वस्तू जाणकाराला दाखवा. सर्वांत उत्तम रीत ही की, मूळ छायाचित्राची चांगली प्रत काढून ती भिंतीवर लावावी आणि मूळ छायाचित्र अंधाऱ्या, कोरड्या जागी पेटीत ठेवावे. हार घालावयाचा तो प्रतीला घालावा.

फाटलेल्या पत्रावर चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांनी तिचा डिंक पिवळा पडून कागद खातो. लॅमिनेशन तर मुळीच करू नका. पुष्कळांनी दाखला टिकावा म्हणून ते केले. परंतु उष्णतेने कागद प्लास्टिकात कायमचा अडकतो आणि पुढे कोणताही उपाय करता येत नाही. घडी घातलेले पत्र हलक्या हाताने उघडून सपाट ठेवा, कारण घडीवरच कागद तुटतो. टाचण्या व स्टेपल काढा, त्या गंजतात. मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांत पदके व छायाचित्रे कोंडू नका. स्वच्छ, धुतलेले, रंग न जाणारे सुती कापड आणि आम्लरहित कागदाचे पाकीट हे त्याहून चांगले. छायाचित्रांच्या पेटीत डांबरगोळ्या टाकू नका. कसर आणि वाळवी यांपासून बचाव करावयाचा तर पेटी जमिनीपासून व भिंतीपासून दूर ठेवा आणि पावसाळा संपला की उघडून पाहा. तोच उपाय खरा.

पदक घासू नका. चिंच, राख, रांगोळी किंवा बाजारातले पॉलिश यांनी ते चकाकते खरे, पण प्रत्येक घासण्याबरोबर कडेवरची अक्षरे झिजतात. काळे पडलेले पदक वाचता येते; घासून गुळगुळीत झालेले पदक मुके होते. जुनी फीत विरली असली तरी टाकू नका. तिच्या रंगांवरून पदक कोणत्या मोहिमेचे, हे ओळखता येते.

परंतु वाळवीपेक्षाही मोठा एक शत्रू आहे. तो म्हणजे निनावीपणा. एका तसबिरीत खुर्चीवर फेट्यातला जवान बसला आहे, शेजारी नऊवारीतली बाई उभी आहे, मांडीवर मूल आहे. आज घरातल्या ऐंशी वर्षांच्या आजीबाईंना ते तिघे कोण हे ठाऊक आहे. त्या गेल्या की तसबीर राहील आणि माणसे जातील. म्हणून आज घरी गेल्यावर पहिले काम हे करा : आजींच्या शेजारी बसा आणि विचारा. नाव काय, गाव कोणते, पलटण कोणती, परत कधी आले. उत्तरे वेगळ्या कागदावर लिहा. छायाचित्राच्या पाठीवर लिहावयाचेच तर मऊ पेन्सिलीने, कडेला, जोर न देता लिहा. बॉलपेनाने लिहिल्यास पुढे वळ उमटतो. पाठीवर छायाचित्रकाराचा शिक्का असेल तर तो जपा. गावाच्या त्या नावावरून छावणी कोणती, याचा माग लागतो. जे नक्की ठाऊक आहे ते तसे लिहा. जे ऐकीव आहे त्यापुढे ‘ऐकीव’ असे लिहा. ऐकीव गोष्टीला खरी म्हणून नोंदविणे हा इतिहासाचा घात आहे.

आणि भगिनींनो, येथे आपणांस विशेष सांगणे आहे. शिपायाचे नाव पदकावर आहे, पलटणीच्या दप्तरात आहे. त्याच्या पत्नीचे नाव कोठेही नाही. तो सरहद्दीवर असताना जिने मनिऑर्डरीची वाट पाहत पोरे जगविली, तिची ओळख ‘सुभेदारीणबाई’ किंवा ‘अमक्याची आई’ एवढीच उरते. तसबिरीच्या मागे तिचे स्वतःचे नाव लिहा, तिचे माहेर लिहा, ती गरोदरपणी कोणाच्या शेतावर राबली तेही लिहा. समतेचा धम्म स्वीकारलेल्या घरात अर्धा इतिहास निनावी राहता कामा नये.

एकेका घराने जपणे ही पहिली पायरी. दुसरी पायरी म्हणजे गावाचा किंवा वस्तीचा संग्रह. घरे वाटली जातात, भाऊ वेगळे होतात, मुले मुंबई-पुण्यास जातात. पेटी कोणाकडे गेली हे दहा वर्षांनी सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक विहाराने किंवा वाचनालयाने एक पोलादी कपाट या कामासाठी राखावे आणि एक जाड नोंदवही ठेवावी. वहीत प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा. वस्तू काय, कोणी दिली, केव्हा दिली, देणगी म्हणून की ठेव म्हणून, तिची अवस्था कशी, आणि तिच्याविषयी कोणी काय सांगितले, एवढे रकाने पुरेत. देणाऱ्याला सहीची पावती द्यावी. पावतीवाचून मूळ वस्तू कोणीही कोणाच्या हवाली करू नये. मग मागणारा पुढारी असो, प्राध्यापक असो, की वर्तमानपत्राचा बातमीदार असो. ज्यांना मूळ वस्तू देववत नसेल त्यांच्यावर दडपण आणू नये. त्यांच्याकडून प्रत घ्यावी व मूळ वस्तू त्यांच्या घरी राहू द्यावी.

प्रत काढणे आज सोपे आहे. साधन असेल तर ६०० डीपीआयवर स्कॅन करावे. नसेल तर दिवसाच्या सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न लावता, छायाचित्राच्या बरोबर वरून मोबाइलने चित्र घ्यावे. समोरची बाजू घ्यावी तशी पाठचीही घ्यावी. व्हॉट्सॲपवर पाठविलेले चित्र सामान्यतः आकुंचित होते. म्हणून मूळ फाइल दोन निरनिराळ्या ठिकाणी साठवावी. एक विहारात, दुसरी गावाबाहेर राहणाऱ्या एखाद्या विश्वासू कुटुंबाकडे. आग आणि पूर एकाच वेळी दोन्ही घरांत येत नाहीत.

कोणी म्हणेल, ही कामे मोठ्या संस्थांची आहेत. बंधूंनो, मोठ्या माणसांच्या वस्तूंचेही काय होते ते ऐका. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दिल्लीच्या २६, अलीपूर रोड येथील घरात त्यांची कागदपत्रे होती. १९६७ साली ते घर रिकामे करविताना ती उघड्यावर टाकली गेली व पावसात भिजली. घटनेच्या शिल्पकाराची लेखणी जेथे पावसापासून वाचली नाही, तेथे तुमच्या-माझ्या आजोबांच्या पत्राची काय कथा! आणि जे वाचले, ते कोणी वाचविले? चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी टिपणे व पत्रे जमवीत चरित्राचे खंड उभे केले. पहिला खंड १९५२ साली, बाबासाहेबांच्या हयातीतच निघाला. नागपूरजवळ चिचोली येथे शांतिवनात वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांचे कपडे, टंकलेखन यंत्र व इतर वस्तू सांभाळल्या. सविता आंबेडकर यांनी दिलेल्या वस्तूंचे संग्रहालय पुण्यास १९९६ साली उभे राहिले. वसंत मून यांच्या परिश्रमांतून १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन व भाषणे खंडशः प्रसिद्ध होऊ लागली. सरकारची व संस्थांची मदत पुढे मिळाली. परंतु प्रत्येक ठिकाणी आरंभ कोणातरी एका माणसाने, ‘हे फेकू नका’ असे म्हणून केला.

तो माणूस तुमच्या घरात तुम्ही व्हावे, एवढेच माझे मागणे आहे. पुढच्या पावसाळ्यापूर्वी पेटी उघडा. जे आहे त्याची यादी करा, प्रत्येक चेहऱ्याला नाव द्या, एक प्रत विहारात द्या. येत्या १४ एप्रिलला मिरवणूक निघेल, झेंडे लागतील, भाषणे होतील. त्याच दिवशी विहाराच्या एका भिंतीवर आपल्या वस्तीतल्या शिपायांच्या व त्यांच्या स्त्रियांच्या तसबिरींच्या प्रती नावनिशीवार लावा. मुले त्या भिंतीपुढे उभी राहतील आणि त्यांतील कोणीतरी विचारील, “या आजी कोण?” त्या वेळी उत्तर देणारा आणि वहीत क्रमांक दाखविणारा कोणीतरी हजर असला पाहिजे.

जयभीम!